तितंच वाटूळं झालं!

सदाशिवरावभाऊंवर आजच्या घडीला सर्वांत जास्त राग कोणाचा असेल, तर तो आमच्या निलंग्याच्या अप्पांचा. पानिपत होऊन अडीचशेच्या वर वर्षं उलटली, पण अप्पा भाऊंविषयी बोलतात ते सांगून न ऐकलेल्या धाकट्या भावाविषयी बोलावं तसं. "उदगीर जिंकलं तवर पोरगं शहाणं व्हतं," ते म्हणतात. "यमुनेच्या काठाला गेलं आन् तितंच वाटूळं झालं बगा!"

पानिपतावर पडले तेव्हा भाऊ तिशीत होते आणि अप्पा आता सत्तरीच्या पुढं आहेत. त्यामुळे 'पोरगं' म्हणायचा त्यांना हक्क आहे, असं आम्ही सगळ्यांनी मान्य केलं आहे.

अप्पा इतिहासाचे प्राध्यापक नाहीत. जन्मभर आडतीवर मुनीम होते. तुरीच्या, हरभऱ्याच्या पट्ट्या लिहिता लिहिता माणसाच्या चुकीवर बोट ठेवायची सवय जडली. दुकान सुटलं, सवय सुटली नाही. मग त्यांनी लाल कापडी बांधणीची एक कोरी खतावणी आणली आणि पुढाऱ्यांची खाती उघडली. एका पुढाऱ्याला एक पान. डावीकडं जमा, उजवीकडं नावे. भाऊंच्या पानावर जमेला 'उदगीर, ३ फेब्रुवारी १७६०'. नावे बाजूला 'पानिपत, १४ जानेवारी १७६१', आणि खाली बारीक अक्षरात तपशील : बाजारबुणगे सोबत, यात्रेकरू सोबत, बायकापोरं सोबत, सूरजमल जाट हातचा घालवला, हत्तीवरून उतरले.

सकाळी नऊच्या सुमारास बसस्थानकाजवळच्या हॉटेलात अप्पा येतात. उपरण्यानं चष्मा पुसतात, खतावणी बाकावर ठेवतात आणि विचारतात, "काल कुटं आलतो आपन?"

"अब्दाली बागपताजवळ नदी उतरला, अप्पा."

"हां."

मग पुढचा भाग सुरू होतो. हॉटेलातला पोऱ्या न विचारता मुरमुऱ्यांच्या सुशीलाची प्लेट आणून ठेवतो, कारण ती नाश्त्यासाठी कमी आणि रणभूमीसाठी जास्त लागते. सुशीलाचा ढीग म्हणजे कुंजपुरा, टेबलावरच्या पाण्याची रेघ म्हणजे यमुना, तळलेल्या मिरच्या म्हणजे इब्राहिमखान गारद्याच्या तोफा. एकदा लढाई ऐन रंगात असताना एका निवृत्त गुरुजींनी बोलण्याच्या नादात दोन तोफा खाऊन टाकल्या. अप्पांनी शांतपणे नव्या मिरच्या मागवल्या. "भाऊला बी कुमक अशीच यायला पायजे व्हती," ते म्हणाले. "पर नानासाहेब कुटं? पैठनला, लग्नात!"

१७६० च्या डिसेंबरात, तिकडं भाऊंची छावणी उपाशी मरत असताना, नानासाहेब पेशव्यांनी पैठणला दुसरं लग्न केलं, याचं अप्पांना विशेष दुःख आहे. पैठण म्हणजे आपला मराठवाडा. आपल्या माणसांपैकी एकानंही बोहल्याजवळ जाऊन "सरकार, उत्तरेचं काय?" असं विचारलं नाही. अप्पांनी विचारलं असतं. हे ते अशा सुरात सांगतात की त्या लग्नाची पत्रिका त्यांना मिळाली होती आणि तब्येतीमुळे जाणं झालं नाही, असंच नव्या माणसाला वाटतं.

अप्पांच्या घरात इतिहास वाया जात नाही. प्रत्येक घोडचुकीचा एक घरगुती नियम झालेला आहे. १२९६ मध्ये अलाउद्दीन खलजी देवगिरीवर चालून आला, तेव्हा रामदेवरायाचं सैन्य राजपुत्राबरोबर बाहेर होतं. राजानं किल्ल्याचे दरवाजे लावून घेतले. घाईत धान्य म्हणून वर चढवलेली पोती फोडली, तर आत मीठ निघालं, अशी गोष्ट जुन्या तवारिखांत आहे. तेव्हापासून, म्हणजे अप्पांना हे कळलं तेव्हापासून, किराणा दुकानातून आलेलं प्रत्येक पोतं त्यांच्या ओसरीवर उघडून, चिमूट तोंडात टाकून मगच आत जातं. दुकानदाराचा पोरगा वैतागून म्हणाला, "अप्पा, पोत्यावर साखर म्हणून लिवलंय की!" अप्पा म्हणाले, "देवगिरीला बी काय तरी लिवलेलं असंलच."

दुसरा नियम बिदरचा. निलंगा तालुका १९५६ पर्यंत बिदर जिल्ह्यातच होता, त्यामुळे तिथली चूक अप्पांना घरचीच वाटते. बहमनी सुलतान तिसऱ्या मुहम्मदशहाचा वजीर महमूद गावान कर्तबगार माणूस. बिदरमधला त्याचा मदरसा अजून उभा आहे. दरबारातल्या वैऱ्यांनी त्याचा शिक्का सांभाळणाऱ्या नोकराला दारू पाजली, कोऱ्या कागदावर शिक्का मारून घेतला आणि वर फितुरीचं पत्र लिहिलं. सुलतानानं चौकशी न करता १४८१ मध्ये वजिराचं डोकं उडवलं. खरं काय ते कळल्यावर वर्षभरात स्वतः गेला, आणि पुढं राज्याचे पाच तुकडे झाले. म्हणून अप्पा कोऱ्या कागदावर सही करत नाहीत. बँकेत नाही, सोसायटीत नाही, नातवाच्या शाळेच्या सहलीच्या फॉर्मवरसुद्धा नाही. "आधी समदं भरून आना," ते सांगतात. "माझ्या सहीनं उद्या कुनाचं डोकं उडालं तर?"

तिसरा नियम पानिपताचा, आणि त्यावरून घरात कायमची लढाई आहे. मोहिमेवर बायका न्यायच्या नाहीत. अप्पा यात्रेला एकटे जातात. काकूंना काशी राहिली, रामेश्वर राहिलं. यावर काकूंचं एकच म्हणणं आहे : "पानिपतात बायका लडल्या न्हाईत. हरले ते गडीच." अप्पा या मुद्द्याला उत्तर देत नाहीत, ते वर्तमानपत्र उघडतात.

अप्पा कोणाची कड घेतील, हे मात्र आधी सांगता येत नाही. घोडचुकांची यादी करायला बसलं की कोणीतरी मुहम्मद तुघलकाचं नाव घेतंच. १३२७ च्या सुमारास राजधानी दिल्लीहून दौलताबादला हलवली, पुढं तांब्याची नाणी काढली, लोकांनी ती घरोघर पाडली, शेवटी सुलतानानं तीच नाणी घेऊन खजिन्यातलं सोनं-चांदी मोजून दिलं. सगळं हॉटेल हसतं. अप्पा हसत नाहीत.

"नान्याचं सोडा," ते म्हणतात. "पर दिल्लीची राजधानी मराठवाड्यात आननारा आजवर एकच मानूस झाला. आपला अनुशेष भरून काडायची अक्कल कुनाला व्हती? त्याला! त्याची चूक आनन्यात न्हाई. परत नेली, तितंच वाटूळं झालं."

"पण अप्पा, इथं पाणी नव्हतं म्हणतात."

"लातूरला २०१६ साली मिरजेवरनं रेल्वेनं पानी आनलंच की! मनात असलं की व्हतंय."

अलीकडं कट्ट्यावर एक कॉलेजचा पोरगा येऊ लागला आहे. मोबाइलवर बघून तो परदेशी घोडचुका आणतो. त्यानं नेपोलियन आणला. १८१२ च्या जूनमध्ये लाखोंची फौज घेऊन रशियात शिरला, सप्टेंबरात मॉस्कोत पोचला, तर शहर रिकामं आणि पेटलेलं. तिथं तो झार तहाचं पत्र पाठवेल म्हणून पाच आठवडे थांबला. अप्पांनी चहा खाली ठेवला.

"जळलेल्या गावात पत्राची वाट बगत बसला?"

"हो."

"आन् हिवाळा?"

"तो आलाच."

अप्पांनी त्याच दिवशी नेपोलियनला पान दिलं. पोराला हुरूप आला. त्यानं हिटलर काढला : १९४१, तोच रशिया, आणि तोच जून महिना. अप्पा बराच वेळ गप्प राहिले. "त्यानं नेपोलियन वाचला नव्हता का?" गुरुजींनी विचारलं. अप्पा म्हणाले, "वाचलाच असंल. वाचून काय व्हतंय? समद्यांना वाटतंय, त्यो येगळा, मी येगळा."

एका पानाशी आलं की हा सगळा खेळ थांबतो. ते पान मीर उस्मान अली खानाचं. जगातल्या श्रीमंतांतला श्रीमंत, हिरा पेपरवेट म्हणून वापरणारा हैदराबादचा निजाम; मराठवाडा तेव्हा त्याच्याच राज्यात. बाकी देश १५ ऑगस्ट १९४७ ला स्वतंत्र झाला. यानं नोव्हेंबरात 'जैसे थे' करार केला आणि दिवस काढत बसला. राज्याची सूत्रं हळूहळू रझाकारांचा पुढारी कासिम रझवी याच्या हातात गेली, आणि हा रझवी वकिली करायचा आमच्या लातुरात. लाल किल्ल्यावर आसफजाही झेंडा लावायच्या त्याच्या गप्पा. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौज शिरली आणि १७ सप्टेंबरला सगळं आटोपलं. पाच दिवसांचं काम. त्याआधीच्या तेरा महिन्यांत गावोगाव काय झालं, ते अप्पांनी वडिलांच्या तोंडून ऐकलं आहे : रझाकारांच्या भीतीनं रात्री शेतात झोपणं, बायकापोरं सरहद्दीपलीकडं पाठवणं, परत येऊन जळकी वाडी बघणं.

या पानावर अप्पा वाद घालत नाहीत. 'वाटूळं' हा शब्दही इथं ते वापरत नाहीत. "पुडारी चुकतो आन् हिशेब आपल्या वाडवडलांनी भरायचा," एवढंच म्हणतात आणि पान उलटतात. पुढारी कुठं चुकला, याचा आमच्याकडं इतका खल का चालतो, हे मला त्या पानामुळे कळलं. आमच्या भागानं त्या चुकीची किंमत चुकती केलेली आहे.

पुढची पानं माणसं बघून उघडतात. १९६२ चं पान एक मंडळी उठून गेल्यावर, १९७५ चं पान दुसरी मंडळी उठून गेल्यावर. त्यानंतर खतावणी कोरी आहे. निलंग्यानं १९८५ मध्ये राज्याला मुख्यमंत्री दिला, तालुक्यात पुढाऱ्यांची कमी कधीच नव्हती, पण त्यांतल्या एकाचंही खातं अप्पांनी उघडलेलं नाही. पोरानं कारण विचारलं. अप्पा म्हणाले, "अब्दाली काय आपल्याला लग्नकार्यात भेटनार हाय का?"

स्वतः अप्पांचंही पान नाही. २०२१ च्या पावसाळ्यात सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या वर गेलं. अप्पांच्या घरात मागच्या हंगामाची थप्पी लागलेली. सगळे म्हणाले, काढा. अप्पा म्हणाले, अजून चढतंय. नवा माल बाजारात आला आणि भाव निम्म्यावर आला. भाऊंना कधी हलावं ते कळलं नाही, असं रोज सांगणाऱ्या माणसाच्या घरात पोती तशीच उभी. त्या आठवड्यात मी सहज म्हणालो, "अप्पा, जरा चुकलंच."

"चूक न्हाई ती," अप्पा म्हणाले. "परिस्थिती."

काकू चहा घेऊन आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मग भाऊची बी परिस्थितीच असंल की."

अप्पांनी वर्तमानपत्र उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी हॉटेलात खतावणी आली, तेव्हा भाऊंच्या पानावर जमेच्या बाजूला एक नवी नोंद होती. मुनिमाच्या वळणदार अक्षरात : 'परिस्थितीमुळे सूट.' किती, ते लिहिलं नव्हतं. रकमेची जागा मोकळी होती, आणि तिच्यावरून सध्या वाद चालू आहे. गुरुजी म्हणतात चार आणे द्या. पोरगा म्हणतो आठ आणे. सूट मिळाली हेच पुष्कळ, असं माझं मत आहे. इतिहासानं भाऊंना एवढीसुद्धा दिलेली नाही.

तुमच्याही गावात असे एक अप्पा असतील. त्यांना हसू नका. मेलेल्या पुढाऱ्यांना जाब विचारायची सवय असली, तर जिवंतांना विचारायचं धाडस कधी तरी येईल, अशी आशा ठेवायला जागा राहते. त्यांच्याशी जरूर वाद घाला, चहाचे पैसे तुम्ही द्या, मिरच्यांना हात लावू नका. आणि लातूरची गाडी पकडायची असेल तर पानिपताचं नाव काढू नका.