हयातीचा दाखला

पॉइंटरावांच्या स्वयंपाकघरातलं कालनिर्णय दोघांच्या मालकीचं आहे. निळ्या शाईतला मजकूर काकूंचा: दूध दीड लिटर, गॅस लावला, बाई आली नाही. लाल शाईतला पॉइंटरावांचा: ‘ॲकॉर, शेवटचे आठ दिवस’, ‘हिल्टन बघणे’, ‘आयएचजी!!!’ एका संकष्टीच्या चौकोनात ‘विंडहॅम जाणार’ असं वाचून कामावर नव्यानंच आलेल्या बाईंनी काकूंना हळूच विचारलं होतं, “घरात कुणी आजारी आहे का?”

“सहा जण आहेत,” काकू म्हणाल्या, “पण त्यांचं पथ्यपाणी हेच बघतात.”

पॉइंटराव हे त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे, सोसायटीनं ठेवलेलं आहे. तोंडावर सगळे काकाच म्हणतात. वय पासष्टीच्या पुढचं, पाठ ताठ, बुशशर्टाच्या खिशात दोन पेनं, पाकिटात नोटा कमी आणि कार्डं जास्त. पिंपरीकडच्या एका कारखान्यात, विकलेले पंप गिऱ्हाइकाच्या जागी बसवून चालू करून देण्याच्या खात्यात त्यांची सगळी नोकरी झाली. पंप ह्यूस्टनला बसो, अबू धाबीत बसो की जामनगरला, पॉइंटराव बॅग घेऊन हजर. पंप पाणी फेकायला लागला की गिऱ्हाईक खूश, कंपनी खूश. आणि हॉटेलचं बिल कंपनीच्या नावावर, पॉइंट स्वतःच्या नावावर, म्हणून पॉइंटराव सगळ्यांपेक्षा खूश.

या व्यवस्थेतली मेख त्यांनी फार लवकर ओळखली होती. 1981 च्या मे महिन्यात अमेरिकन एअरलाइन्सनं मैल मोजून बक्षीस द्यायची योजना काढली, 1983 मध्ये हॉलिडे इन आणि मॅरियट यांनी तोच खेळ हॉटेलांत आणला. पैसे भरायचे मालकानं, हॉटेल निवडायचं नोकरानं, आणि खूश करायचं ते निवडणाऱ्याला. एका साइटवर कारखान्याच्या फाटकासमोर झकास हॉटेल असताना पॉइंटरावांनी पाऊण तासाच्या अंतरावरचं हॉटेल घेतलं होतं. बरोबरचा फिटर रोज पहाटे उठून कंटाळला, तेव्हा त्याला सांगितलं, “तिकडचं पाणी पचायला हलकं आहे.”

तेव्हा पॉइंट जगवायचा प्रश्नच नव्हता. महिन्यातले पंधरा दिवस माणूस हॉटेलात असला की पॉइंट आपोआप ठणठणीत राहतात. आयएचजीच्या हॉटेलांत तर वरच्या दर्जाच्या सभासदाचे पॉइंट कधी जातच नाहीत. दर्जा गेला, तुम्ही साधे सभासद झालात, की 12 महिन्यांचं घड्याळ सुरू. मॅरियटमध्ये प्लॅटिनम राहायला वर्षाला 50 रात्री काढाव्या लागतात, गोल्डला 25, सिल्व्हरला 10. निवृत्त माणूस रात्री काढतो त्या स्वतःच्या घरी, आणि त्या कुणी मोजत नाही. पॉइंटराव बघता बघता प्लॅटिनमचे नुसते ‘मेंबर’ झाले. नाव घेऊन ‘वेलकम बॅक’ म्हणणारी माणसं मागे राहिली, खोलीतली फळांची परडी गेली, उशिरा खोली सोडायची सवलत गेली. उरले ते पॉइंट. आणि ज्या दिवशी पॉइंटराव निवृत्त झाले, त्याच दिवसापासून पॉइंटांनाही वय लागलं.

सोसायटीतले सरकारी पेन्शनर नोव्हेंबर आला की बँकेत जाऊन, किंवा हल्ली मोबाइलसमोर डोळे मिचकावून, हयातीचा दाखला देतात. वर्षातून एकदा ‘मी आहे’ असं सांगितलं की सुटले. पॉइंटराव तो दाखला वर्षभर देत असतात. स्वतःचा नव्हे, पॉइंटांचा. निदान त्यांचं म्हणणं तसं आहे.

दाखला कुणाला किती दिवसांनी लागतो, हे त्यांच्या तोंडून ऐकावं. बाकावर बसून ते सांगायला लागले की कुत्रं फिरवायला आलेली मुलंही थांबतात. “मॅरियट, हिल्टन, हयात, ही 24 महिने वाट बघणारी समजूतदार मंडळी. ॲकॉरचे 365 दिवस. आयएचजीचे 12 महिने. विंडहॅम मात्र खवीस! 18 महिने हालचाल नसेल तर पॉइंट जातात ते जातातच, पण हालचाल असली तरी मिळाल्यापासून 4 वर्षांनी जायचे ते जाणारच. तिथे सावित्रीचं काही चाललं नसतं.”

‘हालचाल’ हा या शास्त्रातला कळीचा शब्द. खातं उघडून नुसतं बघणं ही हालचाल नव्हे. बहुतेक ठिकाणी पॉइंट मिळाले पाहिजेत किंवा खर्च झाले पाहिजेत, मग एकच का असेना. त्यामुळे पॉइंटरावांचं सगळं कसब ‘कमीत कमी खर्चात जास्तीत जास्त हालचाल’ यात एकवटलेलं आहे. “चल रे, दाखला देऊन येऊ,” असं म्हणून त्यांनी मलाही एकदा विमाननगरच्या एका हॉटेलात नेलं होतं. रिक्षाचे पैसे वेगळे. एक कॉफी मागवली, दोन कपांत. बिल यायच्या आधी उभं राहून सभासद क्रमांक सांगितला. स्वतःचा आधार क्रमांक पॉइंटरावांना कार्ड काढून वाचावा लागतो, हे सहाही क्रमांक मात्र तोंडपाठ. ‘सिस्टिम डाऊन आहे सर, नंतर पडतील पॉइंट’ असं तो मुलगा म्हणाला. पॉइंटरावांचा चेहरा उजळला. पॉइंट पडले नाहीत म्हणजे आता बिलाचा फोटो काढायचा, ईमेल लिहायची, उत्तराची वाट बघायची, उत्तर चुकीचं आलं की पुन्हा लिहायची. पंधरा दिवसांची सोय झाली. परतताना मी हिशेब केला, त्या खात्यातल्या सगळ्या पॉइंटांची किंमत जेमतेम त्या कॉफीएवढी होती. तसं बोलूनही दाखवलं. “म्हणजे मुद्दल सुटलं,” पॉइंटराव म्हणाले.

धर्मकार्याचंही त्यांच्याकडे वेळापत्रक आहे. पॉइंट दान केले तर तो खर्च धरला जातो आणि घड्याळ पुन्हा शून्यावर येतं, असं काही योजनांत चालतं. तेवढ्यापुरते पॉइंटराव दानशूर आहेत. गणपतीच्या वर्गणीला पावती मागून घेऊन चार दिवस विचार करणारा हा माणूस, मुदत जवळ आली की कुठल्याशा दूरदेशीच्या संस्थेला अत्यंत उदार मनानं किमान अनुमत पॉइंट देऊन टाकतो. एकदा काकूंनी विचारलं, “मग माझ्या नावावर का नाही करत थोडे?” पॉइंटरावांनी मॅरियटचं नियमपत्रक काढून दाखवलं. दुसऱ्या सभासदाला पॉइंट दिले तर ती हालचाल धरत नाहीत, देणाऱ्याचीही नाही आणि घेणाऱ्याचीही नाही. “म्हणजे बायकोला दिलेलं मोजत नाहीत,” काकू म्हणाल्या, “त्यांना कसं कळलं हो आपल्याकडचं?”

सगळेच पॉइंट त्यांना सारखे प्रिय आहेत असं नाही. ताजवाल्यांचे पॉइंट 2022 पासून टाटांच्या ‘न्यू’मध्ये गेले, त्यांना न्यूकॉइन म्हणतात, आणि एक न्यूकॉइन म्हणजे एक रुपया. बिगबास्केटवरून तूरडाळ मागवली तरी न्यूकॉइन मिळतात. काकू ते मिळवतात आणि पुढच्या डाळीत खर्चूनही टाकतात. पॉइंटरावांना या प्रकारात राम वाटत नाही. ज्याची किंमत शेंबड्या पोराला कळते आणि जो कांद्याबटाट्यात संपतो, तो कसला पॉइंट? पॉइंटाला थोडी गूढता हवी.

त्यांच्यावर खरं संकट कोसळलं ते ऑगस्ट 2023 मध्ये. एचडीएफसी बँकेनं मॅरियटच्या नावाचं क्रेडिट कार्ड काढलं. त्यावर किराणा भरा, विजेचं बिल भरा, मॅरियटचे पॉइंट जमा होतात आणि खातं जिवंत राहतं. कॉफी नको, ईमेल नको, लाल शाई नको. पॉइंटराव या विषयातले दर्दी असल्यामुळे त्यांनी ते कार्ड घेतलं, आणि पुढचा महिनाभर हा माणूस सोसायटीच्या आवारात हरवल्यासारखा फिरत होता. कालनिर्णयात मॅरियटचा चौकोन रिकामा. “आता त्याला माझी गरज नाही राहिली,” असं ते मला म्हणाले, तेव्हा परदेशी गेलेल्या मुलाबद्दल बोलताहेत असं वाटून मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला होता. शेवटी त्यांनी दुसऱ्यांचे पॉइंट दत्तक घेतले. चौथ्या मजल्यावरच्या आयटीतल्या जोडप्याचे, सेक्रेटरींच्या जावयाचे, जिममध्ये येणाऱ्या वैमानिकाचे. आता त्या सगळ्यांच्या मुदती लाल शाईत आहेत आणि काकूंना दुधाचा हिशेब गॅसच्या पावतीमागे लिहावा लागतो.

इतक्या निगुतीनं जपलेले पॉइंट पॉइंटराव वापरत का नाहीत, असा प्रश्न नवख्याला पडतो. मागच्या दिवाळीत त्यांच्या सीए झालेल्या भाच्याला पडला. त्यानं सुरुवात गोड केली. “मामा, तुमचे हे पॉइंट हॉटेल कंपनीच्या ताळेबंदात देणं म्हणून दाखवावे लागतात. मॅरियटचं असं देणं अब्जावधी डॉलरचं आहे.”

पॉइंटरावांनी करंजी खाली ठेवली. “म्हणजे मॅरियट माझं देणं लागतं?”

“लागतं. पण यातले काही पॉइंट लोक कधीच वापरणार नाहीत, असा अंदाज बांधून तेवढी रक्कम ते आपल्या उत्पन्नात धरत जातात. त्याला ब्रेकेज म्हणतात.”

“त्या लोकांतला मी नाही! माझा आजवर एक पॉइंट बुडालेला नाही.”

“आणि वापरलेत किती?”

पॉइंटरावांनी करंजी उचलली. भाचा थांबायला तयार नव्हता. पूर्वी कुठल्या हॉटेलला किती पॉइंट, याचे ठरलेले तक्ते असत. हिल्टननं ते 2017 मध्ये काढून टाकले, मॅरियटनं 2022 मध्ये. आता खोलीचा पॉइंटांतला भाव रोज बदलतो, आणि बदलतो म्हणजे सहसा वरच जातो. मुदत पाळून पॉइंट मरत नाहीत हे खरं, पण बसल्या जागी रोडावत जातात. “शिवाय,” भाचा म्हणाला, “बहुतेक योजनांच्या अटींत लिहिलेलंच असतं की पॉइंट ही सभासदाची मालमत्ता नाही. तुम्ही जपताय ते तुमचं नाहीच मामा.”

असल्या घावानं दुसरा माणूस खचला असता. पॉइंटरावांनी शांतपणे तोंड पुसलं. “अरे, हा देह तरी कुठे आपला असतो? म्हणून सकाळचं फिरायला जाणं सोडतो का कुणी?” एवढं बोलून ते आत गेले आणि हिल्टनचं बघून आले.

मला वाटतं, भाच्याचा हिशेब बरोबर आहे आणि तरी त्याला यातलं काही कळलेलं नाही. खर्च करून टाकले की पॉइंट संपले, खातं बंद, आणि आपण कधी काळी महिन्याचे पंधरा दिवस कुणाला तरी हवे होतो याचा उरलासुरला कागदही संपला. जोवर शिल्लक आहे तोवर कधीही बॅग भरून निघता येतं. निघायचंच असं नाही.

या वर्षी मात्र काकूंनी हट्ट धरला. लग्नाला 40 वर्षं झाली, पॉइंटांवर गोव्याला न्या. पॉइंटराव आनंदानं कामाला लागले. तीन आठवडे अभ्यास चालला. मॅरियटमध्ये पॉइंटांवर सलग 5 रात्री घेतल्या तर 4 रात्रींचेच पॉइंट लागतात, पाचवी फुकट. पण नेमक्या त्या तारखांना भाव चढलेला, पॉइंट 3 रात्रींपुरतेच. “मग तीन रात्री राहू,” काकू म्हणाल्या. पॉइंटरावांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की जणू त्यांनी दागिने मोडायला काढले. “अगं, पाचवी फुकट मिळत असताना तीन घ्यायच्या? म्हणजे ती पाचवी आपण घालवलीच की!” आणखी थोडे जमले की बघू, असं ठरलं. कुणी ठरवलं हे सांगायला नको.

गोव्याला ते गेले. म्हापशाला, काकूंच्या मावसबहिणीकडे. पाच रात्री राहिले, पाचही फुकट. तिसऱ्या दिवशी दुपारी पॉइंटरावांनी सगळ्यांना चांगले कपडे करायला लावले, टॅक्सी बोलावली आणि किनाऱ्यावरच्या एका मोठ्या हॉटेलात नेलं. चौघांत दोन कॉफ्या, एक बेबिंका, चार चमचे. दत्तक घेतलेल्या मंडळींपैकी एकाची मुदत पुढच्या आठवड्यात संपत होती, पण नंबर ज्याचा त्यानंच यायला लागतं म्हणून ते काम झालं नाही, याची थोडी चुटपुट होती. बाकी सगळे समाधानात होते. बिल घेऊन आलेल्या मुलानं अदबीनं विचारलं, “आपण इथेच राहताय का, सर?”

“आम्ही नाही राहत,” काकू म्हणाल्या, “आमचे पॉइंट राहतात.”

पॉइंटरावांचं तिकडे लक्ष नव्हतं. त्यांचा सभासद क्रमांक सांगून झाला होता, आणि आता ते त्या मुलाकडून तो एकेक आकडा परत म्हणवून घेत होते.