तात्या घर बघतात

रविवारी सकाळी नारायणगावच्या येष्टी स्टँडवर उतरणारी माणसं ओळखायला फार अक्कल लागत नाही. हातात नारळ आणि हार असला की ओझरचा विघ्नहर किंवा लेण्याद्री. पाठीवर सॅक आणि पायात कोरे बूट असले की शिवनेरी. आणि साठी ओलांडलेला, पांढऱ्या शर्टाच्या खिशाला दोन पेनं अडकवलेला, कापडी पिशवीत मोजपट्टी बाळगणारा गृहस्थ दिसला, की समजावं, मुंबईकर घर बघायला आलाय. चार पावलं मागं बायको असते. तिला देवाला जायचंय असं सांगून आणलेलं असतं.

आमचे तात्या या जमातीचे मुकुटमणी. उभी नोकरी बेस्टमध्ये कंडक्टरकीत गेली. घाटकोपरची खोली विकून पैसे पोस्टात आणि बँकेत टाकले, व्याज कागदावर मांडलं, आणि जाहीर केलं, “आता गावाकडं.” गाव जुन्नरच्या पश्चिमेला, नाणेघाटाच्या वाटेवर. पण गावाकडं म्हणजे गावात नव्हे, हे काकूंनी पहिल्याच दिवशी स्पष्ट केलं. गावातल्या घराला वाटेकरी तीन, सातबाऱ्यावरची नावं वाचता वाचता दुसरं पान लागतं, आणि रात्री छातीत दुखलं तर डॉक्टरपेक्षा भावकी आधी पोचते. म्हणून ठरलं, की मोठ्या गावात, रस्त्यालगत, परवडेल असा फ्लॅट. तात्यांचा कल नारायणगावाकडं, काकूंचं माहेर आंबेगाव तालुक्यातलं म्हणून त्यांचा मंचरकडं. मधे पंधरा-वीस किलोमीटरचं अंतर, पण त्यावरून घरात जे बोलणं झालं त्यात दोन राज्यांचा सीमातंटा मिटला असता.

तात्यांची पद्धत समजायला त्यांच्या तरुणपणात जावं लागेल. गावच्या जत्रेला तमाशा ठरवायला पंचांबरोबर ते नारायणगावच्या राहुट्यांवर जायचे. तिथं सुपारी देण्याआधी फडात कोण कोण आहे, ढोलकीला कोण, सोंगाड्या कोण, हे सगळं विचारून घेतलं जाई. नाहीतर जत्रेच्या रात्री भलतंच कुणीतरी बोर्डावर यायचं. तात्या बिल्डरकडं त्याच तयारीनं जातात. इंजिनिअर कोण, सिमेंट कुठलं, आणि रंगीत कागदावर दाखवलेली झाडं आज किती उंच आहेत.

शिवाय सरकारनंही त्यांच्या घरशोधाला अनुदान दिलेलं. पासष्टी उलटली म्हणून तात्यांना येष्टीत अर्धं तिकीट. २०२३ च्या मार्चपासून बायकांनाही अर्धं, म्हणून काकूंनाही. दोघांच्या एका तिकिटात आळेफाटा, ओतूर, घोडेगाव, मंचर असं सगळं हिंडून होतं. स्वस्त घर शोधण्याइतका स्वस्त विरंगुळा दुसरा नाही, असं माझं मत झालंय.

साइटच्या ऑफिसात गळ्यात पट्टा घातलेला मुलगा अदबीनं उठतो. “सर, वन बीएचके बघणार की टू?”

“आधी रेराचा नंबर बघणार.”

मुलगा पाणी मागवतो. तात्यांना रेराचा कायदा तोंडपाठ आहे. १ मे २०१७ पासून महाराष्ट्रात नोंदणी सक्तीची, भाव कारपेटवर, गिऱ्हाइकांच्या पैशातला सत्तर टक्के वेगळ्या खात्यात, आणि करारनामा नोंदवल्याशिवाय किमतीच्या दहा टक्क्यांवर एक पैसा घ्यायचा नाही. हे सगळं ते पुढच्या स्टॉपचं नाव पुकारावं तसं एका दमात म्हणतात.

एका ठिकाणी इमारतीत फ्लॅट मोजून आठ. तात्यांनी विचारलं, “आठच का?”

बिल्डर हात जोडून म्हणाला, “अष्टविनायक, तात्या. त्यातले दोन आपल्याच तालुक्यात. म्हणून आठ.”

आठ फ्लॅटांपर्यंत रेराची नोंदणी लागत नाही, हे दोघांनाही माहीत होतं. तात्यांनी बाप्पाला नमस्कार केला आणि जिना उतरले.

दुसरीकडं जाहिरातीत ‘निसर्गाच्या सान्निध्यात’. तात्यांचा प्रश्न, “निसर्ग किती फुटांवर?” तर कंपाउंडच्या पलीकडं सरळ उसाचं रान. आता जुन्नर-आंबेगावात उसाला लागून राहणं म्हणजे काय, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. माणिकडोहला बिबट निवारा केंद्र काही हौसेनं काढलेलं नाही. मुलगा म्हणाला, “सर, इकडं बिबट्या नाही.” तात्या त्याच्याशी वाद घालत बसले नाहीत. ते वॉचमनकडं गेले, तंबाखूची देवाणघेवाण केली आणि सहज विचारलं, “कुत्रं दिसत नाही तुमचं?”

“होतं,” वॉचमन म्हणाला.

तिसरीकडं फलकावर ‘नियोजित रेल्वे स्टेशन पाच मिनिटांवर’. तात्यांनी चष्मा पुसला. “कुठली रेल्वे?”

“पुणे-नाशिक, सर. सेमी हायस्पीड.”

“खोडदच्या दुर्बिणीला विचारलंत?”

मुलगा गोंधळला. तो बाहेरचा होता. खोडदला पंचेचाळीस मीटर व्यासाच्या अशा तीस तबकड्या आहेत, काही तिथंच, काही आजूबाजूला पसरलेल्या. आकाशाच्या पार टोकाकडून येणाऱ्या क्षीण लहरी त्या ऐकतात. शेजारून विजेची गाडी धडधडत गेली तर ऐकू काय येणार, म्हणून हरकत निघाली आणि नारायणगावाजवळून काढलेली आखणी अडली. तात्यांनी हे सगळं त्याला चहा थंड होईस्तोवर सांगितलं. काकू बाहेर झाडाखाली उभ्या होत्या. फलक आहे तिथंच आहे; फक्त आता ‘नियोजित’ हा शब्द जरा बारीक झालाय.

सॅम्पल फ्लॅट हे मात्र तात्यांचं खरं रणांगण. तिथं दिवे पिवळे, पडदे झुळझुळीत, आणि बेडरूम अशी ऐसपैस की माणसाला आपली चाळीतली सगळी वर्षं वाया गेल्यासारखी वाटावीत. तात्यांनी चपला काढल्या आणि सरळ पलंगावर आडवे झाले. पाय पोटऱ्यांपासून बाहेर. “हा पलंग कुणाच्या मापाचा?” नमुन्याच्या घरात सामान लहान करून ठेवतात आणि आतल्या खोल्यांना दारं लावत नाहीत, म्हणजे खोली मोठी दिसते. ही युक्ती तात्यांनी झोपून शोधली. मग पिशवीतून पोराच्या खेळण्यातली गोटी निघाली. ती बाथरूमच्या फरशीवर सोडली. गोटी मोरीकडं जाण्याऐवजी सावकाश उंबरा ओलांडून हॉलमध्ये आली आणि सोफ्याखाली गेली. “उताराची दिशा चुकलीय,” तात्यांनी वहीत लिहिलं. मुलगा गोटी शोधत गुडघ्यांवर बसला.

‘ज्येष्ठांसाठी खास’ म्हटलेलं एक ठिकाणही झालं. ज्येष्ठांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या घरांत लिफ्ट हवी, चाकाची खुर्ची जाईल अशी दारं हवीत, फरशी न घसरणारी हवी, अशा सूचना महारेरानं २०२४ साली काढलेल्या आहेत. इथं खासपणा एवढाच, की खाली बाक होता आणि बाकावर ‘नाना-नानी’ लिहिलं होतं. वर जायला तीन जिने. तात्या बाकावर बसले, डबा खाल्ला, आणि अभिप्रायाच्या वहीत लिहून आले : बाक उत्तम.

प्लॉटांकडंही ते वळून आले. गुंठ्याला इतके लाख, रस्ता सोडलेला, खांब रोवलेले. एनए झालंय का म्हटलं की उत्तर एकच, “प्रोसेसमध्ये आहे.” तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा. तेव्हापासून तो आणि प्रोसेस एकमेकांना चुकवत चाललेत. तात्यांचं वय बघता त्यांनी प्रोसेसच्या नादी लागू नये, असं मीच सांगितलं.

असा हा माणूस. बिल्डर लोकांत त्यांच्या फोटोची देवाणघेवाण होत असावी असा मला संशय आहे. आणि अशा माणसाची विकेट पडली ती मंचरला, एक कप चहावर.

ऑफिसात त्या दिवशी पट्टेवाला मुलगा नव्हता, मालक स्वतः होता. त्यानं कागद पुढं केले नाहीत. त्यानं विचारलं, “गाव कुठलं म्हणायचं?” तात्यांनी सांगितलं. “आणि मावशींचं माहेर?” काकूंनी सांगितलं. गावावरून वाडी, वाडीवरून आडनाव, आडनावावरून घर. पाचव्या मिनिटाला तो खुर्चीतून उठून काकूंच्या पाया पडत होता. काकूंच्या चुलत बहिणीचा जावई निघाला.

आमच्याकडं एकदा माणूस पाहुणा निघाला की पुढचं सगळं बदलतं. चहा गेला, दुपारचं जेवण आलं. मासवडी, बाजरीची भाकरी, वर “काका, लाजू नका.” तात्यांची पिशवी खुर्चीच्या पायाशी पडलेली. जावयाच्या बांधकामाला मोजपट्टी लावायची? त्याच्या बाथरूमात गोटी सोडायची? एकदा धीर करून ते म्हणाले, “ते रेराचं... सहजच विचारतो हं...” तर तो हसला, “काका, आपल्या माणसाला कसला नंबर? तुम्ही जमेल तसे द्या. तीन आज, पाच दसऱ्याला. आपल्यात पावतीचं काय?” आणि कायदा तोंडपाठ असलेला, साऱ्या तालुक्यातल्या साइटींना घाम फोडणारा माणूस चेकबुक काढायला लागला. एवढा कडक कायदा करणाऱ्यांनी परका बिल्डर डोळ्यांसमोर ठेवला असणार. चुलत मेहुणीच्या जावयाला दहा टक्क्यांचं कलम कसं ऐकवायचं, याची तरतूद त्यात कुठंच नाही.

तात्या सही करणार, तेवढ्यात काकू आत आल्या. त्या इतका वेळ शेजारच्या इमारतीत होत्या. तीही जावयाचीच, चार वर्षांपूर्वी पुरी झालेली. तात्या इतके महिने सिमेंट विचारत हिंडले तेव्हा काकू प्रत्येक ठिकाणी हेच करत होत्या, हे आम्हाला नंतर कळलं. गच्चीवर पापड वाळत घालणाऱ्या बायकांत जाऊन बसायचं आणि पाणी किती वाजता येतं, लाइट गेल्यावर लिफ्टचं काय होतं, पावसाळ्यात कुठल्या भिंतीला ओल येते, सोसायटीचा हिशोब कुणाकडं, एवढंच विचारायचं. रेराच्या संकेतस्थळावर यातलं एकही उत्तर सापडत नाही.

“जावईबापू,” काकू म्हणाल्या, “नव्या इमारतीचं राहू दे. जुन्या इमारतीत तळमजल्याचा फ्लॅट तुमच्याकडंच शिल्लक आहे म्हणे. कम्प्लिशनचा दाखला आहे ना त्याला? मग जीएसटी नाही लागायचा. दस्त माझ्या नावानं करा, बाईच्या नावाला मुद्रांक शुल्कात एक टक्का कमी. आणि पैसे सगळे बँकेतून. पावती काढायला सांगा त्या पोराला. मी ताईला फोन लावलाय, तिला पण तुमच्याशी बोलायचंय.”

सासूबाई फोनवर असताना जावई काय बोलणार. कागद अर्ध्या तासात बाहेर आले.

मंचरलाच का, तर तिथं उपजिल्हा रुग्णालय आहे असं तात्या सगळ्यांना सांगतात. दस्त बायकोच्या नावावर करण्याची आणि जीएसटी वाचवण्याची युक्तीही आपलीच, असंही सांगतात. काकू तेव्हा पाणी आणायला आत जातात.

वास्तुशांतीला दोन्ही तालुक्यांतली भावकी लोटली. त्यानंतर महिनाभरात हॉलच्या भिंतीला केसाएवढी चीर दिसली. इमारतीत दोष निघाला तर ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांपर्यंत बिल्डरनं स्वखर्चानं दुरुस्त करायचा, हे कलमही तात्यांना पाठ. ते रोज सकाळी चष्मा लावून चिरेवर मोजपट्टी धरतात आणि वहीत आकडा लिहितात. पण जावयाला कसं सांगायचं? दिवाळीला तो बायको-पोरांसह फराळाला येणार म्हणून निरोप आला, तेव्हा तात्यांनी स्टुलावर चढून चिरेवर कालनिर्णय टांगलं. त्याला उगाच वाईट वाटायला नको, म्हणाले.

काकूंनी ते काढून स्वयंपाकघरात लावलं आणि चिरेच्या बरोबर समोर जावयाची खुर्ची मांडली.