बढती नको, पण बदली आवर

करिअरमध्ये पुढे जायचे असेल तर ‘कम्फर्ट झोन’मधून बाहेर पडा, हा उपदेश हल्ली बहुधा बड्या हॉटेलच्या वातानुकूलित सभागृहात ऐकायला मिळतो. उपदेशक कॉलरला माइक लावून येरझारा घालतो, श्रोते गुबगुबीत खुर्च्यांत रेललेले असतात आणि अकराच्या चहाबरोबर दोन प्रकारची बिस्किटे असतात. एसी बंद पडला तर दहा मिनिटांत सभागृह रिकामे होईल. बाहेर पडण्याचे प्रात्यक्षिक काय ते तेवढेच. उपदेश खोटा आहे असे नाही, पण त्यातले निदान साफ चुकलेले आहे. माणसे भित्री किंवा आळशी म्हणून जागची हलत नाहीत, असे त्यात गृहीत धरलेले असते. माझ्या मते माणूस नव्या जागेला फारसा भीत नाही. जुनी जागा हातची जाईल, याला भितो.

राष्ट्रीयीकृत बँकेच्या कुठल्याही शाखेत जाऊन पाहा. काउंटरवर एक तरी जुने क्लार्क असे असतात, की नवा मॅनेजर रुजू झाला की पहिला आठवडा त्यांच्याच टेबलाभोवती घुटमळतो. कोणत्या आजोबांची सही हात थरथरल्यामुळे जुळत नाही आणि पासबुकाचे प्रिंटर कुठे थोपटले की चालू होते, हे फक्त त्यांना ठाऊक. असा माणूस ऑफिसर व्हायला काय हरकत आहे? तरी ते बढतीसाठी अर्ज करत नाहीत. कारण बढतीच्या मागोमाग बदली येते आणि ती डोंबिवलीहून ठाण्यालाच होईल, याची हमी कोणी देत नाही. थेट झारखंडही निघू शकते. मग मुलीची दहावी, आईचे गुडघे आणि सोसायटीचे सेक्रेटरीपद आडवे येते. (शेवटचे कोणीही आनंदाने सोडेल, पण कारणांच्या यादीत ते शोभून दिसते.) पगारात पडलेली भर दोन ठिकाणच्या चुली पेटत्या ठेवण्यात जाणार. हा हिशेब करणाऱ्याला भित्रा कसे म्हणायचे? उभा जन्म हिशेबातच गेलेला माणूस तो.

आता, जे बाहेर पडले आणि नाव काढून गेले, त्यांचे काय? त्यांची चरित्रे नीट वाचली तर उडी मारण्यापूर्वी त्यांनी पाण्याचा अंदाज बराच काळ घेतलेला दिसतो. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईत तांत्रिक संस्थेत शिकवत होते. हक्काची बढती दुसऱ्याला मिळाली, तेव्हा त्यांनी नोकरीला रामराम ठोकला. पण त्याआधीच ते मुंबईहून सायकली बेळगावला भावाकडे विक्रीसाठी पाठवत होते. पुढे त्यांनी लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडाने जमीन नासते म्हणून शेतकरी त्याला हात लावेनात. म्हणजे कम्फर्ट झोन नांगराच्या आड आला तो शेतकऱ्यांचा. डॉ. श्रीराम लागूंचेही तसेच. कान-नाक-घशाचे हे शल्यचिकित्सक पुण्यात हौशी रंगभूमीवर वर्षानुवर्षे काम करत होते, मधल्या काळात टांझानियात वैद्यकी करून आले आणि १९६९ साली पूर्णवेळ नट झाले. ‘नटसम्राट’ आले ते १९७० साली. दवाखान्यातून एका रात्रीत रंगमंचावर आल्याची कथा ऐकायला झकास वाटली असती, पण तसे घडलेले नाही.

यावर कोणी म्हणेल, दोन डगरींवर पाय ठेवणारा मध्येच पडतो. पडतो खरा, पण जन्मभर तसाच उभा राहिला तर. काही काळापुरता तसा उभा राहण्याची सोय खुद्द सरकारने करून ठेवली आहे, आणि सरकार काही साहसासाठी प्रसिद्ध नाही. केंद्राचा कायम कर्मचारी रीतसर परवानगीने दुसऱ्या सरकारी खात्यात गेला, तर जुन्या पदावरचा त्याचा धारणाधिकार साधारणपणे दोन वर्षे शाबूत राहतो. नवे खाते मानवले नाही, तर गुपचूप परत या. करिअरविषयी इतका शहाणा सल्ला नियमांच्या त्या पिवळट पुस्तकात असेल, असे कोणाच्या स्वप्नातही येणार नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. परतीची वाट असली की माणूस मन लावून काम करत नाही, असे व्यवस्थापनातले लोक म्हणतात. तसे असते तर ज्यांना परतीची वाट नाही, ते सगळे आज शिखरावर असायला हवे होते. अकरा महिन्यांच्या कंत्राटावर राबणाऱ्याला कम्फर्टही नाही आणि झोनही नाही. त्याची बढती झालेली कोणी पाहिली? बायकांचे तर बोलायलाच नको. लग्न ही त्यांची प्रशासकीय बदली. तिथे विनंती अर्ज विचारात घेत नाहीत.

म्हणून कर्मचाऱ्यांना बाहेर पडायला सांगणाऱ्या कंपन्यांना एक विनंती आहे. नव्या शहरात किंवा नव्या विभागात पाठवताना दोन वर्षांत परत येण्याची मुभा नेमणूकपत्रातच लेखी द्या. मग उपदेशकाच्या मानधनाची आणि दोन्ही प्रकारच्या बिस्किटांची बचत होईल.