रुग्णांची पोपटी

पेणहून नागोठण्याकडे जाऊन तेथून भिसे खिंडीने रोह्यात उतरणाऱ्या रस्त्यावर ऐन थंडीत जे फलक उगवतात, त्यांचा मजकूर वाचण्याची आमची रीत नाही. कारण ‘अस्सल गावरान पोपटी’ आणि ‘चिल्ड बिअर’ ही दोन आश्वासने एकाखाली एक वाचण्याचा सराव एव्हाना रायगड जिल्ह्यातील गुराढोरांनाही झालेला असावा. परंतु परवा एका फलकावर या दोहोंच्या खाली, पुढे पिचकारीचा डाग पडलेल्या जागी, तिसरी ओळ रंगवलेली दिसली: ‘एक दिवसाचे परमिट जागेवरच मिळेल.’ कायद्याविषयी इतका आदर आम्ही आजवर कोणत्याही फार्महाऊसच्या दारात पाहिलेला नाही.

या परवान्याचे माहात्म्य ज्यांस ठाऊक आहे त्यांनाच त्या ओळीतील कारुण्य कळेल. दारूबंदीचा कायदा १९४९ साली झाला, तो आजतागायत रद्द झालेला नाही. त्याच्या नावातली मुंबई जाऊन तेथे महाराष्ट्र आला, एवढाच काय तो फरक. तेव्हा ज्या मुलुखात दारूबंदी जारी आहे, त्या मुलुखात दारू पिणारा इसम हा धडधाकट असूच शकत नाही, असे कायद्याचे सरळ अनुमान. सबब परवाना देताना तो आरोग्याचे जतन व्हावे म्हणून दिला जातो, चैनीसाठी नव्हे. एका दिवसाच्या आरोग्याचा दर विदेशी मद्यास पाच रुपये आणि देशीस दोन रुपये. विदेशी दुखणे देशीपेक्षा अडीचपट महाग असावे, यात आम्हांस वावगे काही दिसत नाही. श्रीमंतांची दुखणी नेहमीच अधिक खर्चाची असतात.

एकदा ही दृष्टी प्राप्त झाली म्हणजे शनिवारी सायंकाळी रोह्याच्या परिसरात मोटारींची जी रांग लागते, तिच्याकडे पाहून मत्सर वाटत नाही, अनुकंपा दाटून येते. आठवडाभर कचेरीत कण्हत काढलेले हे सारे रुग्ण, कोणी डोंबिवलीचे, कोणी ठाण्याचे, महामार्गावरील खड्ड्यांचे शेक घेत घेत अखेर उपचारस्थळी पोहोचतात. त्यांच्यात वयोमानानुसार प्रतवारीही असते, कारण नियमाप्रमाणे बिअर व वाइन यांस एकविसावे वर्ष पूर्ण असावे लागते आणि त्याहून कडक औषधास पंचविसावे, म्हणजे सौम्य व्याधी माणसास आधी गाठते व उग्र व्याधी आणखी चार वर्षे धीर धरून बसते, असे वैद्यकशास्त्रास आजवर न उमगलेले तत्त्व आमच्या नियमकर्त्यांस फार पूर्वीच उमगलेले होते. रुग्ण उतरताच पहिली हाक बर्फाची. माघातली थंडी अंगात शिरते आहे, दव पडू लागले आहे, मंडळी स्वेटर घालून आणि कानटोप्या ओढून शेकोटीला अगदी खेटून बसली आहेत, आणि अशा स्थितीत प्रत्येकाच्या हातात जी बाटली आहे ती इतकी गार, की बोटे आखडू नयेत म्हणून तिला रुमाल गुंडाळावा लागतो. पुढून भाजतो आहे, आतून गोठतो आहे आणि मागून डास फोडून काढीत आहेत, अशी त्रिदोषांची चिकित्सा एकाच आसनावर करणारा वैद्य धन्वंतरीच्या परंपरेत दुसरा झाला नसेल. औषध आले म्हणजे अनुपान आलेच. शेंगदाणे, चकल्या, तळलेली बोंबलाची काडी इथपर्यंत ठीक होते. परंतु अलीकडे या अनुपानात पोपटीची गणना होऊ लागली आहे, आणि आमचा संयम सुटतो तो येथे.

पोपटी म्हणजे चखणा नव्हे, हो! ज्या मडक्यात पाण्याचा थेंब पडत नाही आणि तेलाचे बोट लागत नाही, ज्याच्या तळाशी भांबुर्डीचा पाला, त्यावर खडे मीठ नि ओवा लावलेल्या वालाच्या शेंगा, मध्ये अंडी, बटाटे, रताळी, कोणाची ऐपत असल्यास केळीच्या पानात बांधलेली मसाल्याची कोंबडी आणि तोंडाशी पुन्हा गच्च दाबलेला पाला, असे ते मडके पालथे घालून त्याभोवती पेंढा, गवऱ्या आणि पाचोळा रचून पेटवायचा, ही एक विद्या आहे. आणि तिच्यात घड्याळाला कवडीची किंमत नाही. पाल्याच्या उग्र वासात शेंगेचा वास मिसळला की म्हातारा माणूस उठतो, मडक्यावर पाण्याचे चार थेंब शिंपडतो, ते चर्रकन उडाले की समजतो. त्या फार्महाऊसवर ज्याला मजुरीने या कामाला लावलेले असते तोही असाच कोणी म्हातारा असतो. तो येऊन अदबीने सांगतो, “शेठ, झाली. काढू का?” त्यावर उत्तर मिळते, “थांबा हो काका, आत्ता कुठे बसलोय.” काका थांबतात. शेंग थांबत नाही. पुढे केव्हातरी, औषधाची मात्रा पुरेशी झाल्यावर, मडके उघडले जाते आणि आतून जो कोळसा निघतो त्याची छायाचित्रे काढून ‘स्मोकी फ्लेवर’ म्हणून चहूकडे पाठवली जातात. शिवाय या मंडळींचा हंगाम कॅलेंडरवरून ठरतो. भात निघाल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल पेरतात. त्याची शेंग भरायची ती आपल्या वेळेने भरणार, ३१ डिसेंबरच्या रात्री बारा वाजता ती भरलेली असावी असा हुकूम तिला कोणी बजावलेला नाही. तरी त्या रात्री मागणी सर्वांत जास्त, म्हणून कोवळ्या, दाणाही न धरलेल्या शेंगा ओरबाडल्या जातात. आणि भांबुर्डी? ती पूर्वी बांधावर, परसात, कोणी न लावता उगवत असे. आता त्या बांधांवर हिरवळीचे गालिचे अंथरले आहेत, तेव्हा ज्या जमिनीत भांबुर्डी मेली त्याच जमिनीवर बसून पोपटी खाण्यासाठी भांबुर्डी पलीकडच्या गावातून भारा बांधून विकत आणवतात, आणि ‘गावरान’ हा शब्द फलकावर तसाच राहतो.

मद्याशी आमचे वैर नाही. ताडी-माडी या मुलुखाला नवी नाही, आणि शेतातले काम उरकल्यावर चार घोट घेऊन घरी जाणाऱ्यास आम्ही कधी उपदेश केलेला नाही. परंतु ताडगोळ्याच्या झाडाखाली बसलेला माणूस आपले मडके शेजारच्याच्या शेतात फोडून जात नसे. हे रुग्ण मात्र औषध संपले की रिकामी बाटली कुंपणापलीकडे भिरकावतात, आणि कोणाची अधिक लांब जाते यावर पैजा लावतात. पलीकडे काय असते? पलीकडे वाल असतो. त्याच वालात दुसऱ्या दिवशी सकाळी दवाने भिजलेल्या मातीत अनवाणी उतरून बाया शेंगा तोडतात, त्याच शेंगा टोपलीत भरून पेणच्या बाजारात आणतात, आणि त्याच शेंगा पुढच्या शनिवारी या टोळ्यांच्या मडक्यात जातात. मातीत रुतलेली काच दिसत नाही. ती नांगराला सापडत नाही, गवताबरोबर जळत नाही, पावसाळ्यात भाताच्या चिखलात ती खाली जाते आणि लावणीच्या वेळी नेमकी टाचेखाली येते. ज्या बाईची टाच फाटली तिच्या हातात आरोग्याच्या जतनाचा कसलाही परवाना नसतो; तिची लावणीच्या दिवसांतली मजुरी बुडते, आणि बाटली फेकणारा निर्लज्ज इसम त्या वेळी धबधब्याखाली उभा राहून पुढच्या बाटलीचे बूच काढीत असतो. याला काय म्हणावे? आम्हांस जे शब्द सुचतात ते संपादक छापणार नाहीत.

सबब आमची एक नम्र तजवीज आहे, तिचा विचार व्हावा. औषधाचा परवाना दिला म्हणजे औषधाचा गुण आला किंवा नाही याची रुजुवात झाली पाहिजे; केवळ पाच रुपये घेऊन रुग्णास वाऱ्यावर सोडणे हे लोककल्याणकारी राज्यास शोभत नाही. म्हणून ज्याने शनिवारी परवाना घेतला, त्यास रविवारी सूर्योदयास त्याच शेताच्या बांधावर हजर करावे. चपला, बूट, मोजे काढून ठेवावेत. मग त्यास या टोकापासून त्या टोकापर्यंत, वालाच्या सरींतून, सावकाश चालवावे. पंचनाम्यास ते काका आणि शेंगा तोडणाऱ्या दोन बाया पंच म्हणून घ्याव्यात. पलीकडच्या टोकास जो न लंगडता पोहोचेल त्याचे आरोग्य जतन झाले असा शेरा मारावा, आणि जो लंगडत पोहोचेल त्याच्या टाचेतली काच कोणत्या छापाच्या बाटलीची आहे ते नोंदवून ती त्याच्याच हवाली करावी. या चालण्याची फी वेगळी आकारण्याचे कारण नाही. विदेशीवाल्याकडून पाच आणि देशीवाल्याकडून दोन घेतलेलेच आहेत.