लागली जी!

रोवणीचे दिवस आले की आपल्या भंडारा जिल्ह्यात आई आणि आजी दोघीही बांधीत उतरतात आणि लेकरू अंगणवाडीत जातं. तास-दीड तास जातो न जातो, तोच तीन वर्षांचा गडी चड्डी धरून आरोळी ठोकतो, “बाई, लागली जी!”

या आरोळीला हसू नका. सरकारी इमारतीत वेळेआधी मिळणारी एवढी एकच सूचना आहे. पोर हे तीन पायऱ्यांनी शिकतं. आधी झाल्यावर सांगतं, मग होताना सांगतं आणि शेवटी होण्याआधी सांगतं. काही महिन्यांत गडी तिसऱ्या पायरीवर पोचतो. कचेऱ्या अजून पहिलीवरच आहेत. वैनगंगेचं पाणी घरात शिरून ओसरलं की पंचनाम्याला निघतात!

आता योगायोग पाहा. अंगणवाडीची योजना सुरू झाली २ ऑक्टोबर १९७५ला, स्वच्छ भारत अभियान २ ऑक्टोबर २०१४ला. वाढदिवस एक, तरी दोघांची गाठ अंगणवाडीच्या संडासाच्या दारात पडतेच असं नाही. २०१८ साली ग्रामीण महाराष्ट्र हागणदारीमुक्त जाहीर झाला. त्याआधी पहाटे शिट्ट्या फुंकत हिंडणाऱ्या गुड मॉर्निंग पथकांनी लोटेवाले शोधून काढले. भिंतीमागे बसलेला गडी मात्र त्यांना दिसला नाही. एक तर त्याच्याकडे लोटा नव्हता आणि दुसरं म्हणजे मत नव्हतं.

तो भिंतीमागे का जातो? कारण संडासाचं भांडं साहेबांच्या मापाचं असतं. दोन पायांत अंतर एवढं, की आत पडायच्या भीतीने लागलेलीही थांबते. अंगणवाडीच्या शौचालयासाठीची रक्कम केंद्राने १२,००० रुपयांवरून ३६,००० केली. रक्कम मोठी झाली, आता भांडं लहान व्हायला हवं.

पोटात काय गेलं, वजन किती भरलं, हे नोंदवणारं पोषण ट्रॅकर ॲप २०२१पासून सेविकेच्या मोबाईलमध्ये आहे. पोटातून काय आलं, ते मदतनीस ताईच्या हातावर. तिला पगार नसतो, मानधन असतं. त्यातलं धन बेताचं, आणि मान कुठे आहे ते खराट्याला विचारावं. ४ डिसेंबर २०२३ला राज्यभरच्या सेविका-मदतनीस संपावर गेल्या, त्याआधी त्यांनीही निवेदनं देऊन “लागली जी” म्हटलंच होतं. ऐकणारा पहिल्याच पायरीवर बसला होता, म्हणून संप जानेवारीपर्यंत ताणला.

तेव्हा तपासणीला येणाऱ्या साहेबांना एकच विनंती. येताना घरचं तीन वर्षांचं नातवंड सोबत आणा. त्याला त्या भांड्यावर बसवा. बसता आलं, तर नळ सोडून पाहा. पाणी आलं, तर सही करा.