सरकणारा षड्ज

कृष्णा आणि पंचगंगा यांच्या बेचक्यात राहणाऱ्याने इलेक्ट्रॉनिक वाद्य बाळगू नये. बाळगलंच, तर सोबत सोल्डरगनही बाळगावी.

आमच्या नृसिंहवाडीत नदीचं पाणी दत्ताच्या देवळात शिरून पादुकांवरून दक्षिणेच्या दाराने बाहेर पडलं की दक्षिणद्वार सोहळा. लोक लांबून स्नानाला येतात. त्याच दिवसांतली ओल आमच्या भजनी मंडळाच्या जुन्या इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्यातही शिरते. तो सोहळा मात्र मी एकटाच साजरा करतो. (२००५ आणि २०१९ च्या पुरांत घराघरांतून काय काय वर चढवलं गेलं, ते विचारू नका.)

हा तंबोरा सिंथेसायझरचाच गरीब नातलग. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ साली संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी मूग सिंथेसायझर बसवून दिला होता. त्याच्या आणि आमच्या डब्याच्या पोटात काम तेच. ऑसिलेटर सूर काढतो. कंडेन्सर भरतो, मग हळूहळू रिकामा होतो, आणि त्याचं ते रिकामं होणं आपल्याला तार विरत गेल्यासारखं ऐकू येतं. वर्षानुवर्षांनी कंडेन्सरमधलं द्रावण सुकतं. चहूबाजूंनी पाणी, आणि बिघाड कोरडेपणाचा! व्हॉल्यूम खरखरत असेल तर काहीच नाही. क्लीनर फवारायचा, चारदा पिळायचा.

खरा छळ डबा तापल्यावर. ट्रान्झिस्टर गरम झाला की षड्ज मुंगीच्या पावलांनी सरकतो. बुवा त्याच्यामागून सरकतात, हार्मोनियम जागची हलत नाही, आणि शेवटी बोल बसतो तबलेवाल्याला.

असला चोर मल्टिमीटरला सहज सापडत नाही. हेअर ड्रायरने एकेका भागाला ऊब द्यायची आणि कान लावायचा. ज्याला झळ लागताच सूर कलंडतो, तो काढायचा. हे चाललं की घरचे, शेजारचे सगळे गोळा होतात.

"एवढ्याशा बोंडातनं सूर येतोय व्हय?"

"त्यापरास मिरजेहून खरा तंबोरा आणा की!"

मिरजेचं खरंच आहे. तिथले कारागीर जवारीवरचा, तारेखालचा दोरा केसभर हलवून जे करतात, ते माझ्या डब्याला सात जन्मांत जमणार नाही. पण पावसाळ्यात तो भोपळाही रुसतोच, आणि त्याला ड्रायर लावायची माझी छाती नाही.

परवाच्या भजनात षड्ज शेवटपर्यंत जागेवर राहिला. तबलेवाला आता मागचा सगळा हिशेब मागतोय.