टीव्ही मोठा, हॉल तेवढाच

जुन्या टीव्हीचा सगळ्यात मोठा दोष म्हणजे तो बिघडत नाही. बत्तीस इंची एलईडी दहा-बारा वर्षं झाली तरी संध्याकाळी सातच्या ठोक्याला मुकाट्याने सुरू होतो. त्यामुळे नवा घ्यायचा तर आधी जुन्याची रीतसर बदनामी करावी लागते. 'रंग फिके पडलेत', 'आवाज फाटतो', 'आईला खालची अक्षरं दिसत नाहीत.' आईला मोतीबिंदू आहे हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक असतं. पण ऑपरेशन केलं तर त्यावर मॅच थोडीच दिसणार!

त्यातून सरकारनेही हातभार लावला. 22 सप्टेंबर 2025 पासून 32 इंचांहून मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 वर आला. तोवर बत्तीसपर्यंत गरज आणि त्याच्या वर चैन अशी सरकारी रेघ होती, ती पुसली गेली. मूळ किंमत 40 हजार असेल तर 4 हजार वाचले. आता मध्यमवर्गीय माणूस वाचलेले पैसे बँकेत थोडेच टाकतो? तो एक साइझ वाढवतो. त्रेचाळीस घ्यायला निघालेला गृहस्थ पंचावन्न घेऊन येतो आणि 'टॅक्स वाचला' म्हणून सोसायटीत पेढे वाटतो.

दुकानात दहा टीव्ही एका रांगेत पेटलेले असतात आणि दहाही टीव्हींवर एकच पोपट. मग फोडलेलं डाळिंब, मधाची धार, रात्रीचं कुठलंसं चकचकीत शहर. ही फीत टीव्ही विकण्यासाठीच काढलेली असते आणि टीव्ही 'व्हिव्हिड' मोडवर असतो, म्हणजे दुकानातल्या झगझगाटातही डोळ्यांत घुसेल इतका उजेड आणि इतका रंग. सेल्समन म्हणतो, 'सर, ब्लॅक बघा ब्लॅक!' आपण डोळे बारीक करून काळा रंग बघतो आणि जाणकारासारखी मान डोलावतो. ओएलईडी, क्यूएलईडी, मिनी एलईडी ही नावं तो एका दमात म्हणून टाकतो. ओएलईडीत प्रत्येक ठिपका स्वतः पेटतो आणि स्वतः विझतो. क्यूएलईडी म्हणजे मुळात मागे दिवे असलेला एलसीडीच, मध्ये क्वांटम डॉट्सचा थर. हे विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही आणि आपण विचारत नाही, कारण अडाणी दिसायची भीती पंचावन्न इंचांहून मोठी असते.

टीव्ही घरी येतो आणि वॉल युनिटच्या खणात बसत नाही. पंचावन्न इंच हे माप कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचं, तिरकं. रुंदी भरते साधारण 48 इंच, म्हणजे चार फूट. सुताराने बत्तीस इंचीसाठी ऐसपैस म्हणून केलेला खण निघतो तीन फुटांचा. मग वॉल युनिट उखडतं. त्यामागची भिंत उघडी पडते, म्हणून रंग निघतो. रंग निघाला की पडदे विटलेले दिसतात. शेवटी कुणीतरी काका येऊन सांगतात, 'सोफा जरा मागे घ्या.' सोफ्याच्या मागे भिंत आहे आणि भिंतीच्या मागे शेजाऱ्यांचं स्वयंपाकघर.

एवढं करून बघायचं काय? फोरके पडद्यावर 3840 गुणिले 2160, म्हणजे सुमारे 83 लाख ठिपके असतात. आपल्या सेट टॉप बॉक्समधून सगळ्यात स्वस्त पॅकवर येणारा एसडी चॅनेल फार तर 720 गुणिले 576, म्हणजे सव्वाचार लाखांच्या आतच. उरलेले 79 लाख ठिपके टीव्ही आपल्या अंदाजाने भरतो. वाटीभर ताकात हंडाभर पाणी ओतल्यावर होतं तेच चित्राचं होतं. अंदाजाने भरण्याचं हे काम बातम्यांच्या चॅनेलवर आधीच निवेदक करत असल्यामुळे तिथे फरक जाणवत नाही, एवढंच.

बरं, चॅनेल एचडी घेतला तरी आठ-नऊ फुटांवरून पंचावन्न इंची पडद्यावरचा फुल एचडी आणि फोरके यांतला फरक निरोगी डोळ्यालाही जेमतेमच कळतो. मात्र एक सुधारणा नक्की होते. मालिकेतली सून झोपेतसुद्धा किती मेकअप करून निजते, ते आता थरासकट दिसतं.

सिनेमाचं तर विचारूच नका. सिनेमा सेकंदाला 24 चौकटींनी चित्रित होतो. नवा टीव्ही मधल्या चौकटी स्वतः बनवून घुसडतो आणि सगळं इतकं गुळगुळीत करतो की मोठ्या पडद्याचा नायक दुपारच्या मालिकेत काम मागायला आल्यासारखा वाटतो. या प्रकाराने वैतागून टॉम क्रूझने दिग्दर्शक क्रिस्टोफर मॅक्वॉरीला शेजारी उभं करून 2018 च्या डिसेंबरात एक व्हिडिओ काढला आणि लोकांना हे सेटिंग बंद करायची विनंती केली. विमानांना लोंबकळणारा माणूस, पण टीव्हीच्या मेनूपुढे त्यालाही हात जोडावे लागले.

आणि आवाज? टीव्ही जितका पातळ, तितके त्याचे स्पीकर बारके, आणि बहुतेकदा त्यांचं तोंड खाली किंवा मागे. म्हणजे संवाद भिंतीला ऐकू जातात. आपल्याला ऐकायचे असतील तर साउंडबार वेगळा घ्यायचा. जीएसटीत वाचलेले चार हजार इथे खर्ची पडतात आणि घरात तिसरा रिमोट येतो.

तेव्हा एक करा. आधी आहे त्याच टीव्हीवर मालिकेचा चॅनेल एचडीत घेऊन बघा, पिक्चर मोड 'सिनेमा'वर ठेवा आणि हालचाल गुळगुळीत करणारं सेटिंग असलंच तर बंद करा. तरीही मन भरलं नाही, तर टेप घेऊन भिंतीची रुंदी मोजा आणि मगच दुकानात जा. तिथे पोपट बंद करायला सांगा आणि तुमच्या घरी रोज लागतो तोच चॅनेल, तुमच्याच पॅकमधला, लावून दाखवा म्हणावं. दुकानदार 'इथे केबल नाही' म्हणाला, तर तसेच परत या.